अकरा पोती

मशीन आमच्या दारात आली तेव्हा तिची बदनामीही सोबत आली. आधीच्या मालकाने ती नऊ वर्षं चालवली होती. सोयाबीन टाकलं की पोत्यात दाण्यांऐवजी डाळच जास्त पडायची, आणि मागच्या भुसकटात इतका माल जायचा की गावातली कबुतरं गब्बर झाली. लोक तिला डाळमिल म्हणायचे. मग त्याने ती जुन्या ट्रॅक्टरसकट आमच्या गळ्यात मारली आणि स्वतःला लाल रंगाची नवी कोरी मळणी मशीन आणली. तो झाला लालमशीनवाला आणि आम्ही झालो डाळमिलवाले.

मी घरातली म्हातारी, माझं कोण ऐकतं? ओढ्याकाठचा जमिनीचा तुकडा आणि बैलजोडी विकून हे लोखंड घ्यायचं ठरलं तेव्हा मी दोन दिवस तोंड फुगवून बसले होते. तिसऱ्या दिवशी भूक लागली, मग उठले. पोरगा माझा एकुलता एक. बोलतो कमी, म्हणून लहानपणापासून सगळे त्याला घुम्या म्हणतात. मी त्याला म्हटलं, "अरे, तुला हीच मशीन सापडली? गाव थुंकतं तिच्यावर."

"मशीन चांगली आहे, आई. चालवणारा घाईचा होता," तो म्हणाला, आणि तेवढ्यावर विषय संपला.

सूनबाई मात्र भरपूर बोलते. दोघांचं बोलणं एकत्र करून सारखं वाटून दिलं, तर दोन बऱ्या बोलणारी माणसं तयार होतील. तिच्या माहेरी भाजीपाल्याची रोपं तयार करायचा धंदा. तिकडची एक सवय ती घेऊन आली होती. कुठलंही बी हातात आलं की त्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि पाच दिवसांनी किती उगवले ते मोजायचे. आमच्या न्हाणीच्या कोपऱ्यात कायम एकदोन गोणपाटाच्या गुंडाळ्या उभ्या असायच्या. मी अडखळायचे आणि बोलायचे. ती ऐकून घ्यायची आणि नवी गुंडाळी करायची.

उन्हाळाभर घुम्याने मशीन अंगणात उघडून ठेवली होती. नट एका डब्यात, बोल्ट दुसऱ्या डब्यात, आणि मला बाहेर जायचं तर लोखंड ओलांडून जायचं. आतल्या ड्रमवर त्याला छोटी पुली सापडली. पुली छोटी असली की ड्रम सुसाट फिरतो, दिवसाला जास्त पोती निघतात आणि दाणा मार खाऊन फुटतो. आधीच्या मालकाची सगळी अक्कल त्या पुलीत होती. घुम्याने भंगारातून शोधून मोठी पुली आणली, छोटी काढून ट्रॅक्टरवरच्या हत्यारांच्या पेटीत टाकली, चाळणीची फाटलेली भोकं झाळून घेतली.

"आता दाणा फुटायचा नाही," तो म्हणाला.

"आणि काम किती होईल दिवसाला?"

"निम्मं."

मी कपाळावर हात मारला.

त्या वर्षी पाऊस जायचं नाव घेईना. शेंगा वाळल्या, पण रानात पाय ठेवला की घोट्यापर्यंत चिखल. शेवटी चार दिवस उघडीप मिळाली आणि सगळ्यांनी एकदमच सोयाबीन कापलं. रानोरान गंज्या उभ्या राहिल्या, त्यांच्यावर ताडपत्र्या. रोज दुपारी आभाळ भरून यायचं आणि लोकांचा जीव टांगणीला लागायचा. एकदा का गंजीत पाणी शिरलं की आतला दाणा काळा पडतो. त्यामुळे ज्याला त्याला मशीन हवी होती. आमची सोडून.

गावाबाहेर रस्त्याला दोन फाटे फुटतात, तिथे घुम्या सकाळी मशीन नेऊन उभी करायचा आणि आम्ही तिघं शेजारी बसून राहायचो. लाल मशीन समोरून जायची, पाठीमागे तीन शेतकरी मोटारसायकलवर, आमच्या आधी चल म्हणून भांडत. एकाने आमच्याजवळ गाडी हळू केली आणि विचारलं, "काय घुम्या, डाळ काय भावाने?" दुसऱ्याने मशीनच्या पत्र्यावर खडूने डाळमिल असं मोठ्या अक्षरात लिहिलं. आम्ही जेवायला झाडाखाली गेलो होतो तेवढ्यात. घुम्याने फडकं ओलं केलं आणि पुसून काढलं. त्याचे कान लाल झालेले मला दिसले. माझा संताप संताप झाला, पण सांगायचं कोणाला? असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी वळणावरची बाई आली. एकटी राहते, नवरा नाही, मुलगी लांब दिलेली. तिची गंजी केवढी, तर अंथरुणाच्या ढिगाएवढी. ती सरळच बोलली, "लालमशीनवाला म्हणतो, एवढ्याशासाठी मी चाक फिरवणार नाही. दुसरं कोणी नाही म्हणून तुमच्याकडे आले. फुटलं तर फुटलं."

घुम्या लगेच उठला.

तिच्या रानात पट्टा चढवला, ताडपत्री अंथरली. घुम्या मशीनच्या तोंडाशी, सूनबाई पोत्याशी, मी मागे भुसकटाकडे. सोयाबीनच्या शेंगेला बारीक लव असते, ती हवेत उडते आणि घामावर चिकटते. मान, काखा, कोपरांच्या आतल्या बाजू, सगळीकडे आग आग. तोंडाला फडकं बांधलं तरी नाकात काळं जातं. तासाभराने घुम्याने मशीन थांबवली, तेव्हा सूनबाईने एक गोष्ट केली जी मला माहीत नव्हती. तिने मागच्या भुसकटाची एक पाटी भरली, वळणावरच्या बाईच्या समोर आणली आणि वाऱ्यावर उफणली. खाली कापडावर दाणे पडले. तिने ते मोजले.

"नऊ दाणे, मावशी. पाटीभर भुसात नऊ. आता पोत्यात हात घाला आणि डाळ किती आहे ते तुम्हीच बघा."

बाईने कोपरापर्यंत हात घातला, मूठ वर काढली, तळव्यावर पसरली. सगळे दाणे गोल. तिने पुन्हा खोल हात घातला, पुन्हा मूठ काढली. मग ती आमच्याकडे न बघता म्हणाली, "पाणी पिऊन जा."

घरी येताना मी सूनबाईला झापलं. "उद्या पाटीत नव्वद दाणे निघाले तर? आपणच आपली मशीन उघडी पाडून दाखवायची होय?"

"मग नव्वद दाखवायचे, आई. आणि चाळण बदलायची."

वळणावरच्या बाईचं तोंड म्हणजे फुकटचा लाऊडस्पीकर. दोन दिवसांत तीन छोट्या गंज्यांचं बोलावणं आलं. सगळे असेच, ज्यांच्या बांधावर लाल मशीन वळत नव्हती. घुम्याने आपली वेळ ठरवली होती. सकाळचं दव उठल्यावर सुरू करायचं आणि ऊन फार चढलं की थांबायचं, कारण कडक वाळलेला दाणा हळू ड्रमलासुद्धा तडकतो. लोक बांधावर बसून जांभया द्यायचे. "घुम्या, मशीन चालवतोस की जोजवतोस?" तो हसायचा आणि आपलंच खरं करायचा. प्रत्येक रानात सूनबाईची पाटी उफणली जायची. कुठे सात, कुठे बारा. एकदा एकतीस निघाले, तर घुम्याने काम थांबवून चाळण खोलली आणि शेतकऱ्याचा अर्धा दिवस खाल्ला. तो शेतकरी आधी चिडला, मग स्वतःच चारचौघांत सांगत सुटला की एकतीस दाण्यांसाठी या माणसाने मशीन उघडली. पण मोठे शेतकरी अजून आमच्याकडे फिरकत नव्हते.

आणि मग मास्तर आले.

मास्तर शाळेतून निवृत्त होऊन शेती करतात. गावातल्या निम्म्या घरांत पेरणीचं बियाणं त्यांच्याकडून जातं. ते आपलं सोयाबीन मशीनला कधी लावत नसत. माणसं लावून काठीने झोडून घ्यायचे, म्हणून त्यांचं बी शंभरातलं नव्वद उगवायचं आणि कोणी तपासायच्या भानगडीत पडत नसे. या वर्षी झोडायला माणसं मिळेनात आणि मास्तरांची कंबर धरलेली. ते आमच्या ओसरीवर बसले, चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "वहिनी, मी माझं नाव तुमच्या मुलाच्या हातात देतोय. माझं बियाणं पेरून कोणाचं रान मोकळं राहिलं, तर तो मला शिव्या देईल, मशीनला नाही."

घुम्या म्हणाला, "हळू करीन, मास्तर."

त्या दिवशी मी नीट जेवले नाही. मला कळत होतं, हे एक काम नीट पार पडलं तर गाव आमच्याकडे येईल. फिसकटलं तर ही मशीन पुन्हा कोणाच्या बांधावर जाणार नाही, आणि विकायला आता आमच्याकडे दुसरी बैलजोडी नव्हती.

मास्तरांच्या दोन गंज्या. पहिली सकाळी लावली. पंधरा पोती निघाली, एकेक दाणा मोत्यासारखा. मास्तर खुर्ची टाकून बसले होते, अधूनमधून मूठ भरून बघायचे आणि मान हलवायचे. दुसरी गंजी नुसती उघडली तेव्हा ऊन मी म्हणत होतं. घुम्या म्हणाला, दुसरी उद्या सकाळी करू. तेवढ्यात पश्चिमेकडून आभाळ आलं. काळंकुट्ट. वारा सुटला, ताडपत्री फडफडायला लागली. सूनबाई पोती शिवायची सुतळी आणायला घरी गेली होती. मास्तर कंबर धरून उभे राहिले, त्यांचा चेहरा उतरला.

तेव्हा मी बोलले. माझ्या तोंडाला कुलूप नाही हा माझा जन्माचा दोष. मी घुम्याजवळ गेले आणि त्याच्या कानाशी म्हणाले, "छोटी पुली लाव. तासाभरात उरकेल. भिजलं तर सगळंच गेलं, आणि म्हणतील डाळमिलवाल्याने भिजवलं."

त्याने आभाळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग पाना उचलला.

छोटी पुली लागली आणि मशीनचा आवाज बदलला, नऊ वर्षं गावाने ऐकलेला तो जुना आवाज. मास्तरांनी कसेबसे जमवलेले चार मजूर धावत धावत पेंढ्या टाकायला लागले. पट्ट्याचा फटका घुम्याच्या दंडाला बसला, कातडी सोलली, तरी तो थांबला नाही. अकरा पोती भरली. मजुरांनी ती घाईघाईत गाडीत टाकली, आधीच्या पंधरांच्या वर खाली जिथे जागा मिळेल तिथे, आणि मास्तरांच्या ओसरीवर नेऊन रचली. मग पावसाचे चार थेंब पडले आणि ढग निघून गेले. ऊन पडलं. मी आयुष्यात आभाळाला इतक्या शिव्या दिल्या नव्हत्या.

मास्तरांनी तीनचार पोत्यांत हात घालून बघितलं. डाळ अगदी थोडी. चाळण नीट केलेली होती ना, फुटलेलं खाली गेलं होतं. "शाबास," ते म्हणाले. सूनबाई सुतळी घेऊन आली, तिने सगळी पोती शिवली, आणि सवयीप्रमाणे दोन मुठी बी घरी आणलं, एक मूठ पहिल्या गंजीची सकाळीच बांधून ठेवलेली, दुसरी मशीनखाली सांडलेल्या दुसऱ्या गंजीच्या दाण्यांची.

सहाव्या दिवशी सकाळी तिने न्हाणीच्या दारात दोन गुंडाळ्या उलगडल्या. मी चुलीपाशी होते. तिचं मोजणं मला ऐकू येत होतं. पहिल्या गुंडाळीत अठ्ठ्याऐंशी. दुसरीचं मोजणं मध्येच थांबलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. मग ती उठून आली. तिच्या हातात ओला गोणपाट होता.

"आई, शंभरातले सत्तेचाळीस."

मी जाऊन बघितलं. बाकीचे त्रेपन्न दाणे फुगून बुळबुळीत झाले होते, काहींना आत बारीक चीर. वरून गोल, गुळगुळीत, मोती. कोणाच्या बापाला कळलं नसतं.

घुम्या दाराशी उभा राहून बघत होता. मीच आधी बोलले, कारण मला भीती वाटत होती की तो काय करेल. म्हटलं, "पेरणीला सात महिने आहेत. तोवर मास्तरांना कळणार नाही. तेव्हा उगवलं नाही तर म्हणतील, ओसरीवर दमट हवा लागली. कोणाच्या लक्षात येतंय मशीनचं? आत्ता कुठे लोक यायला लागलेत. गप्प बसा दोघं. मी पाया पडते तुमच्या."

मी हे बोलले. लपवत नाही.

सूनबाई रडली नाही की भांडली नाही. ती फक्त म्हणाली, "आई, मी बायाबापड्यांसमोर पाटी उफणते आणि दाणे मोजते. ते सगळं मग नाटक झालं ना?"

घुम्या बाहेर गेला. थोड्या वेळाने लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. मोठी पुली त्याने त्याच दिवशी परत चढवली होती, आता छोटी पुली तो कायमची फोडत होता, घण घेऊन. फोडून झाल्यावर तुकडे भंगारात टाकले, हात धुतले आणि म्हणाला, "चल." ते बायकोला म्हणाला होता, पण मीही निघाले. पुली बदलायला लावणारी मी आणि तोंड दाखवायला ती दोघं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

मास्तरांच्या अंगणात नेमकी माणसं जमलेली. सातआठ शेतकरी, आणि बाकावर पाय पसरून लालमशीनवाला. मला वाटलं, परत फिरावं. घुम्या सरळ मास्तरांसमोर गेला.

"मास्तर, तुमच्या सव्वीस पोत्यांतली अकरा बियाण्याची राहिलेली नाहीत. दाणा आतून तडकलाय. मी ढग बघून ड्रम पळवला."

इतकं लांब बोलणं मी त्याच्या तोंडून वर्षात ऐकलं नव्हतं. मी पुढे झाले. "पुली मी बदलायला लावली, मास्तर. तो उद्या करू म्हणत होता."

लालमशीनवाल्याने हसून मांडी थोपटली. "मी नऊ वर्षं तीच मशीन चालवली. कोणाच्या दारात जाऊन असा रडलो नाही कधी."

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. घुम्याला विचारलं, "कोणती अकरा?"

"माहीत नाही. मिसळली सगळी."

"मला कळलं असतं का?"

"नाही."

"मग का सांगायला आलास?"

"तुम्ही पेरलं असतं ना ते," तो म्हणाला. "आणि गावाला दिलं असतं."

मास्तर पोत्यांच्या थप्पीपाशी गेले, दोनतीन पोती चाचपली. शेवटी ते म्हणाले, "सगळी तपासावी लागतील."

"आम्ही तपासतो," सूनबाई म्हणाली. "सव्वीसच्या सव्वीस. इथेच, तुमच्या ओसरीवर. कोणालाही बघू दे."

ते काम मी विसरणार नाही. प्रत्येक पोतं उसवायचं, वरून, मधून, तळातून दाणे काढायचे, शंभर मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहाच्या दहा ओळी मांडायच्या, गुंडाळायचं, पोत्यावर आणि गुंडाळीवर कोळशाने एकच आकडा घालायचा. सव्वीस गुंडाळ्या मास्तरांच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पाणी शिंपडायचं काम मी मागून घेतलं. दिवसातून तीनदा मान खाली घालून गावातून जायचे आणि यायचे. लालमशीनवाल्याने बातमी चार गावांत पोहोचवली होती. पाणवठ्यावर बाया मला बघून बोलायच्या थांबायच्या. एक म्हणाली, "काय हो, मास्तरांचं वाटोळं केलंत म्हणे?" मी मूग गिळून बसले. मी! फाट्यावर आमची मशीन पुन्हा रिकामी उभी राहिली. ठरलेली दोन कामं मोडली. घुम्या दिवसभर तिच्याखाली आडवा पडून नसलेले दोष शोधायचा.

तिसऱ्या दिवशी मी पाणी शिंपडत होते तर वळणावरची बाई आली. तिने फडक्यातून मूठभर सोयाबीन काढलं. "माझंही घाला बाई त्यात. बघू तरी." तिचं बघून आणखी एकाने खिशातून मूठ काढली. त्याचं सोयाबीन लाल मशीनवर मळलेलं. म्हणाला, "मी पण घरचंच बी पेरणार आहे. काय असेल ते कळू दे." संध्याकाळपर्यंत पलीकडच्या भिंतीलाही गुंडाळ्या लागल्या. गोणपाट संपले. मास्तरांनी घरातली जुनी पोती फाडून दिली. सूनबाईने प्रत्येक गुंडाळीवर कोणाचं आणि कोणत्या मशीनचं ते लिहिलं, आणि मला बजावलं, "आई, सगळ्यांना सारखं पाणी. आपल्याला जास्त नको." मला काय तेवढंही कळत नाही? पण खरं सांगते, हात वळत होता.

मोजायच्या दिवशी अंगण भरलं. लालमशीनवालाही येऊन बाकावर बसला. मास्तर खुर्चीवर, मांडीवर पाटी आणि खडू. सूनबाईने एकेक गुंडाळी उलगडायची, मास्तरांनी स्वतः मोजायचं, आकडा मोठ्याने सांगायचा. पहिलं पोतं एक्क्याण्णव. दुसरं चव्वेचाळीस. तिसरं सत्त्याऐंशी. माणसं पुढे सरकत होती. सव्वीस संपेपर्यंत ऊन अंगणाच्या या टोकाहून त्या टोकाला गेलं. पंधरा पोती पंच्याऐंशीच्या वर. अकरा पन्नाशीच्या आसपास किंवा खाली.

मास्तरांनी पाटीकडे बघितलं. "पंधरा आणि अकरा," ते म्हणाले. "घुम्या म्हणाला होता तेवढीच. एक कमी नाही, एक जास्त नाही."

मग पलीकडची भिंत. वळणावरच्या बाईचं ब्याण्णव. ती नुसती इकडेतिकडे बघत राहिली, सगळ्यांनी ऐकलं ना म्हणून. आम्ही केलेल्या बाकीच्या छोट्या गंज्या, सगळ्या ऐंशीच्या पुढे. नंतर लाल मशीन. एकोणचाळीस. बेचाळीस. छत्तीस. एका मोठ्या शेतकऱ्याच्या गुंडाळीत एकतीस निघाले, तो मटकन खाली बसला. त्याच्या घरी पेरणीसाठी म्हणून चाळीस पोती बाजूला काढलेली होती. आता ती तेलाच्या गिरणीत घालून नवं बी आणायला त्याच्याकडे सात महिने होते. पेरल्यावर कळलं असतं तर काय झालं असतं, ते प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं.

लालमशीनवाला बाकावर नव्हता. कधी उठून गेला कोणी बघितलं नाही.

घुम्या मधल्या वेळात घरी जाऊन आला होता. आमच्या उरलेल्या रानातली चार पोती, स्वतः हळू मळलेली, त्याने ट्रॅक्टरवरून आणली आणि मास्तरांच्या ओसरीवर उतरवली. "अकरा माझ्याकडे नाहीत. चार आहेत," तो म्हणाला. मास्तर उठले. कंबर दुखत होती तरी उठले आणि त्यांनी घुम्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याच दंडाच्या वर, जिथे पट्ट्याची खपली होती.

"पुढच्या वर्षी माझं सगळं सोयाबीन तू मळायचं," ते म्हणाले. "आणि यंदा कमी पडलेलं बी मी बाकीच्यांकडून घेणार आहे, तर त्यांनीही ऐकून ठेवा. या मशीनवर मळलेलं नसेल तर माझ्याकडे बियाणं म्हणून आणू नका."

मला रडू आलं. भर अंगणात, नाक पुसत, हुंदके देऊन रडले. लाज कसली? माझ्याच तोंडाने घालवलेलं माझ्याच पोराच्या तोंडाने परत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर मशीन न्यायची गरजच पडली नाही. उजाडायच्या आत दारात माणसं. ज्यांच्या गंज्या अजून उभ्या होत्या ते सगळे आले. सूनबाईने भिंतीवर कोळशाने नंबर लावून टाकला. घुम्याने प्रत्येकाला तेच सांगितलं, दव उठल्यावर सुरू, ऊन चढल्यावर बंद, घाई असेल तर दुसरीकडे जा. कोणी गेलं नाही. दुपारी आभाळ भरून यायचं, लोक ताडपत्रीवर आणखी एक ताडपत्री टाकायचे, दोर आवळायचे आणि आपल्या नंबरची वाट बघायचे. लाल मशीन रस्त्याने रिकामी जायची. खडूने लिहिणारा तो पोरगेला शेतकरी नंबरात चौदावा होता. त्याला मी मुद्दाम विचारलं, "डाळ हवी का अख्खे दाणे?" तो म्हणाला, "काकू, माफ करा आता." केलं माफ. पण चौदावा तो चौदावाच राहिला.

हंगाम संपत आला तेव्हा एका सकाळी मी अंगण झाडत होते आणि फाटकाशी लालमशीनवाला उभा. पायी आलेला. मोटारसायकलसुद्धा नाही. घुम्या मशीनला ग्रीस भरत होता, सूनबाई चाळण झटकत होती. तो त्यांच्याकडे गेला नाही, माझ्याकडे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, माझ्या घरची एक गंजी आहे. बियाण्याची. मास्तर घेईनात, म्हणतात, मशीनचं नाव सांग."

मी झाडू खाली ठेवला. काय काय बोलायचं ते मी महिनाभर मनात घोकून ठेवलं होतं, मांडी थोपटून हसला होता तेव्हापासून. एकेक शब्द धार लावून ठेवलेला. त्याचा चेहरा बघितला आणि मला ते बोलवेना. मी त्याला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं.

तो पाणी पिता पिता मशीनकडे बघत राहिला. जुनाच पत्रा, जुनाच ड्रम, रंगसुद्धा आम्ही दिला नव्हता. शेवटी त्याला राहवलं नाही. त्याने घुम्याला हाक मारून विचारलं, "नऊ वर्षं माझ्याकडे होती रे ही. तू तिला असं केलंस तरी काय?"

घुम्याने ग्रीसचा हात फडक्याला पुसला. "काही नाही," तो म्हणाला. "हळू चालवतो."

सूनबाईने भिंतीवर बघून सांगितलं, "तुमच्या आधी सहाजण आहेत, काका. थांबावं लागेल."

थांबला. आठ दिवस थांबला.